टेपच्या आत दोन बोटं

मुरूम
ता. २२ जुलै २०२४, सोमवार

शिवप्रिया,

शरणु शरणार्थी. नमस्कार तर घातला. पुढं काय लिहायचं ते अर्धा तास झाला सुचंना, म्हणून आशीर्वाद शेवटाला लिहितो. तीन वर्षांत बाप-लेकीचं एक अक्षर बोलणं न्हाय, आन आता एकदम ‘पत्रास कारण की’ म्हणायची बी लाज वाटायलीय.

तरी कारण हाय. तुझ्या अव्वानं फोनवर तुला माझ्या तब्येतीचं काय काय सांगितलं असंल. त्यातलं निम्मं सोडून दे. आमच्या मंडळीला, शांताक्काला, राईचा पर्वत करायची सवय हाय, तुला ठाऊक हाय. मला काही झालेलं न्हाय. दुकान चालू हाय, मशीन चालू हाय, शाळेचे ड्रेस यंदा बी म्याच शिवले. नागपूरला तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर हे पाठवायलोय, कारण तुझ्या खोलीचा पत्ता तुझी अव्वा देईना. म्हणती, ‘फोन करा की, तोंड शिवलंय का?’ फोनवर बोलायला मला आवडत न्हाय. मेसेज लिहावा तर माझ्या बोटाला सुई कळती, काच कळत न्हाय.

आता मुद्द्याचं. तुमच्या त्या फिजिओच्या धंद्यात माणसाला इतके प्रश्न विचारायचा नियमच हाय का? का आमच्या उमरग्याच्या पोरीनं स्वतःच्या मनानं काढलाय?

झालं असं, की गेल्या गुरुवारी तुझ्या अव्वानं मला एस्टीत कोंबून उमरग्याला नेलं. डॉक्टरानं छातीचा फोटो काढला, गोळ्या दिल्या आन म्हणला, शेजारच्या खोलीत फिजिओकडं जाऊन या. म्या म्हणलं, माझा पाय मोडला न्हाय, कंबर धरली न्हाय, तिथं कशाला? तो म्हणला, श्वासाचं बी तेच बघतेत. मला हे नवीनच. मला वाटायचं तुमी लोक नुसते हातपाय वाकवता.

तिथं एक पोरगी. सृष्टी नाव, तामलवाडीची, तुझ्याच वयाची असंल. आत गेल्या गेल्या ‘बसा काका’ म्हणली आन आपलं काहीतरी लिहीत बसली. पाच मिनिटं माझ्याकडं ढुंकून बघंना. मला राग आला. नंतर कळलं, ती चोरून मलाच बघत होती आन तेच लिहीत होती. मी बसताना दोन्ही हात गुडघ्यावर रोवतो, खांदे वर उचलतो, मानेच्या शिरा ताणतो, हे सगळं तिच्या कागदावर! मग मनगट धरलं आन घड्याळ बघत बसली. मला वाटलं नाडी बघतीय. म्हणली, ‘काका, नाडी कवाच झाली. तुमचा श्वास मोजायले. सांगून मोजला की माणूस श्वास बदलतो.’ मिनिटाला चोवीस निघाले.

खरं सांगू? तिथं मला ती पोरगी आवडली. आमचं बी तसंच असतं. टेप बघितली की गिऱ्हाईक छाती फुगवतंय. म्हणून मी त्याला म्हशीचं विचारतो, जावयाचं विचारतो, आन ते बोलायच्या नादाला लागलं की माप काढून घेतो.

तिनं विचारलं, ‘दम लागतो का?’ म्या म्हणलं, न्हाय. मागून तुझी अव्वा, ‘अय्यो, न्हाय काय म्हणता!’ म्या तिला गप्प केलं. तर ती पोरगी म्हणती कशी, ‘बरं, न्हाय लागत. मागच्या वर्षी काय काय करत होता, जे आता करत न्हाय?’

बाई गं. मग एकेक निघायला लागलं. सायकलवर आलूरच्या बाजाराला जात होतो, ते सोडलं. खाली बसून कापड कापत होतो, आता टेबलावर कापतो. माळवदावर झोपायला जात होतो, न्हाय जात. भजनात बसतो, पण नुसते टाळ वाजवतो. मला वाटत होतं ही सगळी वयाची कामं हायत. ती म्हणली, ‘तुमाला दम लागत न्हाय काका, कारण दम लागंल असं सगळं तुमी सोडून दिलंय.’

चार गोष्टी सांगितल्या. पाचवी सांगितली न्हाय. ती तुला बी सांगणार न्हाय.

मग तिनं टेप काढली. काखेत, छातीवर आन खालच्या बरगड्यांवर, अशी तीन ठिकाणी छाती मोजली. श्वास पूर्ण सोडून एकदा, पूर्ण भरून एकदा. टेप धरायची अक्कल न्हाय पोरीला, पाठीमागं तिरकी गेली होती. म्या शिकवली. फरक निघाला दीड सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून जरा वर. ती म्हणली, एवढ्या अंगाच्या माणसाचा दोन इंच तरी यावा.

तुमच्यात दीड सेंटिमीटरला काय म्हणतेत तेवढं कळव. जास्त लिहायची गरज न्हाय.

आशीर्वाद.
शिवलिंगप्पा

(वडील असं लिहायला पायजे होतं. राहू दे.)


मुरूम
ता. ५ ऑगस्ट २०२४, सोमवार

चि. शिवप्रिया,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं दुकानात आणून दिलं तवा धुरपदाबाई ब्लाऊजचं माप द्यायला बसली होती. ‘कुणाचं हो मामा?’ म्हणली. म्या म्हणलं, माझ्या लेकीचं. ती इतकी बघत राहिली की मला पाठ फिरवून मशीनला तेल घालावं लागलं.

सहा ओळींचं पत्र, आन त्यात पाच प्रश्न. मायना न्हाय, खुशाली न्हाय. नाकावरचा राग तू माझ्याकडूनच घेतलास, त्यामुळं तक्रार करायला जागा न्हाय. उत्तरं देतो.

झोपताना उशा किती? दोन. (तुझी अव्वा वाचायलीय, म्हणून तीन लिहितो.)

खोकल्यात काय पडतं? सकाळी पांढरं, थोडं. रक्त न्हाय.

पायाला सूज? न्हाय. अंगठ्यानं दाबून बघितलं, तू लिहिलंस तसं.

धूर? कोळशाची इस्त्री चाळीस वर्षं, दुकानाचं दार पुढं एकच, तुला ठाऊक हाय.

बिडी? कधीमधी.

हे ‘कधीमधी’ वाचून तुझ्या अव्वानं काज-बटणांच्या डब्यातनं बिड्यांचं बंडल काढून माझ्यापुढं आपटलं. आता उत्तर असं, की दिवसाला दहा होत्या. होत्या म्हणायलोय. परवापासनं बंद हायत आन माझं डोकं असं फिरलंय की बलभीमच्या लेहंग्याला उलटी बाही लावली. लेहंगा न्हवं, नेहरू शर्ट. बघ, लिहिताना बी चुकायलोय.

उमरग्याला पुन्हा गेलो होतो. ह्या बारीला तिनं मला चालवलं. लांब व्हरांडा, दोन टोकांना दोन खुर्च्या, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, आन सहा मिनिटं चालायचं. पळायचं न्हाय, बोलायचं न्हाय. बोलायचं न्हाय हे कसं जमावं? बाकड्यावर एक माणूस बसला होता, त्याची कॉलर अशी शिवली होती की बघवंना. दुसऱ्या फेरीला त्याला म्हणलं, ‘कुणी शिवली?’ तिसऱ्या फेरीला त्यानं नाव सांगितलं. सृष्टी ओरडली, ‘काका, परीक्षा चालू हाय!’

चौथ्या मिनिटाला भिंत धरली. ती म्हणली, शून्य ते दहात सांगा, दम किती? म्या म्हणलं, दोन. तिनं बोटाचा चिमटा बघितला, माझ्या ओठांकडं बघितलं आन कागदावर सात लिहिलं. म्या म्हणलं, मी दोन म्हणलो. ती म्हणली, ‘“दोन” म्हणायला तुमाला दोनदा थांबावं लागलं, काका.’

मग एका दमात आकडे मोजायला लावले. अकरापर्यंत गेलो. तू लहान असताना एका दमात पन्नास म्हणायचीस आन लाल होऊन खाली बसायचीस, ते आठवलं.

पाठीवर बोट ठेवून वर दुसऱ्या बोटानं टकटक करून बघितलं, कलिंगड बघतेत तसं. मग दोन धडे दिले. एक, पोटावर हात ठेवून नाकानं श्वास घ्यायचा आन गरम दुधावर फुंकर घालावी तसा ओठ आवळून हळूहळू सोडायचा. दुसरा, रोज सकाळी लिंगपूजा झाली की स्वतःची छाती मोजून वहीत लिहायची. म्हणली, ‘तुमच्याइतकं चांगलं माप दुसरं कोण घेणार?’ एवढं खरं बोलली.

आणि हां, सोलापूरला जाऊन मशीनमधी फुंकायची तपासणी करा म्हणती. त्याशिवाय फुप्फुस किती बिघडलंय ते नक्की कळत न्हाय म्हणं. मी काही जाणार न्हाय. माप मला घेता येतं.

पुढच्या पत्राला मायना घालशील तर बरं वाटंल.

तुझा,
अप्पा


मुरूम
ता. १९ ऑगस्ट २०२४, सोमवार

चि. शिवप्रियास अनेक आशीर्वाद.

‘ती. अप्पा’ एवढे दोन शब्द वाचले आन पत्र खिशात घातलं. बाकीचं संध्याकाळी वाचलं. दिवसभर गिऱ्हाईकं म्हणत होती, आज मास्तर खुशीत दिसतेत.

आता खुशखबर ऐक. वहीतलं जसंच्या तसं उतरवतो. पहिल्या दिवशी अर्धा इंच. आठव्या दिवशी एक इंच. काल दीड इंच! फुंकर घालून घालून छाती उघडली बघ. तुझ्या अव्वाला वही दाखवली तर म्हणती, ‘आकडा वाढला, मग पाण्याची कळशी उचलल्यावर दाराशी का टेकता?’ तिला मापातलं काय कळतंय!

म्हणून सोलापूरचं आता सोडून द्या सगळ्यांनी. सृष्टीला बी म्या तसंच सांगणार हाय. ती पोरगी काळजी लई करती. शांताक्का तर तिला आता घरचीच समजायली, परवा शेंगापोळ्या बांधून नेल्या. मला त्या पोरीसमोर बसल्यावर मधीच वाटतं, नागपूरला असंच कुणीतरी म्हातारं तुझ्यासमोर बसत असंल, तुझं डोकं खात असंल, कॉलरीला नावं ठेवत असंल. तू त्याच्याशी नीट बोलतीस का? बोलत असशील. तू माझ्यासारखी न्हाईस.

तू विचारलंस, रविवारी तू फोन करतीस तवा मी घरात असतो का. असतो. आता ते सोड. दीड इंचाकडं बघ.

तुझा,
अप्पा


मुरूम
ता. ९ सप्टेंबर २०२४, सोमवार

पुट्टी,

लहानपणीचं नाव लिहिलं, राग येऊ दे. आज जे लिहायचंय ते शिवप्रियाला लिहायला हात उठंना.

तुझं मागचं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं होतं. ‘अप्पा, हे माप खरं न्हाय. टेप कशी धरता ते लिहा.’ चाळीस वर्षं ह्या गावाची छाती मोजली म्या. फौजदारापासनं नवरदेवापर्यंत एकाचा कोट कधी परत आला न्हाय, आन माझीच लेक मला माप खोटं म्हणती! चार पानं लिहिली तुला. लई वाईट लिहिलं. मग लिहिता लिहिताच दम लागला, नुसतं पेन धरून. तवा पानं फाडली आन दुसऱ्या दिवशी एकटा उमरग्याला गेलो. म्हणलं, हिला तिकडूनच दाखला आणून देतो.

सृष्टीला म्हणलं, बघ माझ्याकडं, मी मोजतो. श्वास सोडला, टेप आवळली, आकडा सांगितला. श्वास भरला, पुन्हा मोजली. दीड इंच! ती जवळ आली आन टेपला बोट लावून म्हणली, ‘काका, ही दोन बोटं कुणाची?’

माझीच बोटं. टेपच्या आत.

तुला समजलं का काय झालं ते? सदऱ्याचं माप घेताना श्वास भरलेल्या छातीवर दोन बोटं आत घालून मोजायचं असतं, म्हणजे कापड लूज राहतंय, माणसाला मोकळं वाटतंय. माझ्या गुरुजींनी, ईरण्णा मास्तरांनी, पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. सोडलेल्या श्वासाला मी टेप आवळत होतो आन भरलेल्या श्वासाला हात आपोआप आत जात होता. पहिल्या आठवड्यात एक बोट जात असंल, मग दोन. मला पत्ता न्हाय. शपथ घेतो, मुद्दाम केलं न्हाय. पण केलं.

तिनं बोटं काढून मोजलं. अर्धा इंच. त्यात बी जरा कमीच. मग चालवलं, तर तिसऱ्याच मिनिटाला चिमट्यात शहाऐंशी आलं आन तिनं खुर्ची पुढं ओढली. परत येताना एस्टीत खिडकीकडं तोंड करून बसलो.

तू इतक्या लांबून नुसत्या आकड्यावरनं ओळखलंस. कसं ओळखलंस? मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की माझी लेक तिच्या कामात मास्तर हाय. आन मी तिचं काम काय असतं हे कधी विचारलं न्हाय.

आता पाचवी गोष्ट सांगतो, जी सोडून दिलीय. फोनवर तुझ्याशी बोलणं.

तू म्हणत असशील, अप्पाचा राग अजून गेला न्हाय. राग पहिल्या वर्षी होता. दुसऱ्या वर्षी लाज होती. ह्या वर्षी दोन्ही न्हाय, नुसता दम हाय. चार शब्द बोललो की पाचव्याला श्वास घ्यावा लागतो, आन तू शिकलेली, तुला लगेच कळलं असतं. तू तिकडं नोकरी टाकून धावत आली असतीस, न्हायतर आली नसतीस. मला दोन्हीची भीती वाटली. रविवारी तू फोन करतीस तवा मी दोन्ही हात गुडघ्यावर रोवून बसलेला असतो. तुझी अव्वा फोन पुढं करती, मी हात हलवतो. ती तुला सांगती, ‘बोलायचं न्हाय म्हणतेत.’ तू म्हणतीस, ‘राहू दे.’ ते ‘राहू दे’ मला इकडं ऐकू येतं.

मार्चात एकदा तुला माझ्या नंबरवरनं फोन आला होता. तू दोनदा ‘अप्पा? अप्पा?’ म्हणलीस आन फोन बंद झाला. चुकून लागला असं म्या अव्वाकडून कळवलं. चुकून न्हवता लागला. दुकानापासनं घरापर्यंत घाईनं चालत आलो होतो, कारण ठरवलं होतं की आज बोलायचंच. तुझा आवाज आला आन माझ्या तोंडातनं शब्दच निघंना. नुसतं भात्यासारखं फसफस. म्हणून बंद केला.

आन आता ज्याच्यासाठी हे पत्र. तीन वर्षांमागं, त्या दिवशी, अक्कलकोटचे पाहुणे तुला बघायला आले होते. म्या त्यांना सांगितलं होतं पोरगी डॉक्टर हाय. तू सगळ्यांसमोर म्हणलीस, ‘डॉक्टर न्हाय, मी फिजिओथेरपिस्ट हाय.’ ते चहा पिऊन गेले ते गेले. मग म्या तुला म्हणलं, परक्या माणसांच्या अंगाला हात लावायचं काम, आन तोंड वर करून सांगतीस? तुला आठवतंय का न्हाय कोण जाणे. आठवत असणार. मला आठवतंय, की तवा माझ्या गळ्यात टेप होती. सकाळपासनं तिघांच्या छात्या मोजून झाल्या होत्या. आख्खा जन्म लोकांच्या अंगाला हात लावून तुला शिकवलं, आन तुला तसं बोललो.

तू बॅग भरलीस आन नागपूरला निघून गेलीस. चुकलं माझं. लई चुकलं, पुट्टी. माफ कर म्हणायला पायजे, ते म्हणायलोय.

आलेल्या पत्रात तू सोलापूरच्या तपासणीचं पुन्हा लिहिलंयस. मला भीती वाटती. आकडा वाईट आला तर? एवढंच खरं कारण हाय.

तुझा,
अप्पा


मुरूम
ता. २५ सप्टेंबर २०२४, बुधवार

पुट्टी,

दसऱ्याला येतीस हे वाचलं. तुझ्या अव्वानं त्याच मिनिटाला भिंती झाडायला काढल्या. धूळ उडाली तसा मी खोकायला लागलो, मग तिनं मला बाहेर कट्ट्यावर बसवलं आन नाकाला ओला रुमाल बांधला. येणारा-जाणारा विचारतोय, मास्तर, दरोड्याला निघाला का?

तू माझ्या माफीबद्दल एक अक्षर लिहिलं न्हाईस. लिहिलंस काय, तर ‘तोवर कोळशाची इस्त्री बंद, विजेची घ्या. जिना हळू चढा. आल्यावर मी स्वतः तपासते.’ इस्त्री आणली. तिला वजन न्हाय, कपड्यावर चालवली तरी गुदगुल्या केल्यासारखं वाटतं. पण आणली.

‘मी स्वतः तपासते’ हे मात्र चार वेळा वाचलं. ज्या कामाला नाव ठेवलं, त्याच कामासाठी तुझ्यापुढं सदरा काढून बसायचं. ते मला कसं जमंल ते ठाऊक न्हाय. सृष्टीकडं जमतं, ती लोकाची पोर हाय. तू हात लावशील का, लावलास तर कसा लावशील, हेच डोक्यात घोळतंय. रागानं लावलास तरी चालंल. पण लाव.

आकडा काय बी येऊ दे, सोलापूरला तुझ्याबरोबर येईन. एकटा जाणार न्हाय.

वाट बघायलोय.

अप्पा


मुरूम
ता. २१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

माझ्या पुट्टीस,

तू गेल्याला पाच दिवस झाले आन घर कसं मोकळं मोकळं झालंय. तुझी अव्वा दोन माणसांच्या जागी तीन माणसांच्या भाकरी टाकायली. मी बी मुकाट खातो, तू म्हणलीस ना वजन वाढलं पायजे.

आठ दिवसांत आपण किती बोललो गं? फार न्हाय. तू यायच्या आधी म्या मनातल्या मनात किती वाक्यं जमवली होती. तू आलीस, पाया पडलीस, बॅग ठेवलीस आन म्हणलीस, ‘अप्पा, स्टुलावर बसा. पाठ माझ्याकडं.’ मी बसलो. सदरा काढताना काढलेलं बटण पुन्हा लावलं, ते तुला दिसलं असणार, तुमच्या लोकांना सगळं दिसतं.

आन मग तू पाठीमागं उभी राहिलीस. खालच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवलेस, अंगठे मधी मणक्याजवळ जुळवलेस. सृष्टी बी तसंच करती, मला माहीत होतं की श्वास भरला की अंगठे किती लांब जातेत ते बघायचं असतं. पण तुझे हात इतके गरम असतील असं वाटलं न्हवतं. तू म्हणलीस, ‘घ्या श्वास.’ मला काय घेता येईना. तू हात तसेच ठेवून उभी राहिलीस. किती वेळ उभी होतीस? अव्वा सैपाकघराच्या दारात येऊन पदर तोंडाला लावून परत गेली, एवढं मला कळलं. मग माझं मलाच जमलं. तू हळूच म्हणलीस, ‘आता सोडा, अप्पा.’ त्या तीन शब्दांत मला सगळं उत्तर मिळालं. पुन्हा माफीचं विचारणार न्हाय.

सोलापूरचं मी म्हणलो होतो तेवढं भयंकर न्हवतं. नळीत फुंकायचं, आन ती बाई ‘अजून, अजून, अजून’ करून ओरडती, लग्नात बँडवाल्याला ओरडतेत तशी. फुप्फुस निम्म्यावर आलंय हे कळलं. पण तू कागद बघून म्हणलीस, गेलेलं परत येत न्हाय, राहिलेलं नीट वापरायला शिकवते. हे मला पटलं. थोड्या कापडात बेतून शिवायची आमाला सवय हाय.

तिथल्या बाकड्यावर तू फाईल आणायला गेलीस तवा शेजारच्या गृहस्थानं विचारलं, ‘लेक का? काय करती?’ म्या म्हणलं, फिजिओ... तिथं दम लागला. म्या ओठ आवळून श्वास सोडला, दुसरा घेतला, आन थेरपिस्ट म्हणलं. तो बिचारा तोवर थांबला होता. मग म्हणला, ‘म्हणजे काय करतेत?’ मग काय, तू येईपर्यंत म्या त्याला सांगत होतो. त्याचं बी मनगट धरून श्वास मोजला, न सांगता. वीस निघाले. तुला हे सांगितलं न्हवतं, रागावशील म्हणून.

तू लिहून दिलेलं सगळं करायलोय. फवाऱ्याचं औषध सकाळ-संध्याकाळ, मग चूळ. दुकानापासनं बसवेश्वराच्या देवळापर्यंत चालत जातो, मधी दोनदा थांबतो. आधी थांबायची लाज वाटायची, म्हणून कुणाशी तरी बोलायचं निमित्त काढायचो. आता नुसता थांबतो. काल म्हाळसाबाईनं विचारलं, ‘काय मास्तर, काय शोधायलाव?’ म्या म्हणलं, काही न्हाय, श्वास घ्यायलोय. छाती रोज मोजतो, तुझी अव्वा टेप धरती. तिला टेपवरच्या सुताच्या बारीक खुणा वाचायला शिकवल्या. ती एक सूत बी सोडत न्हाय, कजाग बाई.

एक मागायचं हाय. पत्रं लिहीनच, पण त्याला आठ दिवस लागतेत. येत्या रविवारी फोन कर. अव्वाच्या न्हाय, माझ्या फोनवर कर. पहिलं तू बोल, दवाखान्यातलं सांग, काय शिजवलं ते सांग. मी चार चार शब्द बोलीन. तुला मोजायचे तर मोज, सवयच हाय तुला. पण पुट्टी, मधी मी गप्प झालो तर ‘राहू दे’ म्हणून फोन ठेवू नको. रागावलेला नसंन मी. दम घेत असंन.

तुझा,
अप्पा